नवस न लागणारा देव

चुडामणचं लग्न झालं त्याच साली त्याची बहीण रंजिता बाळंतपणानंतर तापानं फणफणली. बुऱ्हाणपूरला डॉक्टरांनी हात टेकले. देवीला आणि दर्ग्याला नवस बोलून झाले, तेव्हा आई भागाबाई खांद्यावर केळीचा घड घेऊन दवाखान्याशेजारच्या चर्चमध्ये शिरली. “फादर, हा आता ठेवा. पोरगी उठली का दरसाल एक आणीन.” “माय, आमच्या देवाला नवस लागत नाही. नुसतं मागा. तो द्यायला तयारच असतो.” “फुकट? मंग त्याले बांधू कशानं?” “देव आपला बाप आहे. बापाला कुणी बांधतं का?” भागाबाईनं घड खाली ठेवला नाही. “माझा बाप मले सात वर्साची टाकून गेला, फादर. बांधला असता तं बरं झालं असतं.” फादरांनी घड घेतला आणि वेदीपाशी ठेवला. रंजिता त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी वारली.