व्याहीबुवांचा नेम

"दुसऱ्याच्या कागदावर गोळी मारलीत तर सरळ बाहेर काढीन," नेमबाजी शिकवणाऱ्या शोल्पाननं दोघा व्याह्यांना बजावलं. "मग तुम्ही कितीही मोठे असा." आणि तिनं पिस्तूल ओराझालीपुढं ठेवलं.

ओराझालीला काही म्हणजे काही कळेना. मुलीचं लग्न होऊन जेमतेम महिना झालेला. व्याह्यांनी मोठ्या अगत्यानं अल्माटी बघायला बोलावलं, सकाळी डोंगरावरच्या पाळण्यात बसवलं, दुपारी घोड्याचं मटण गळ्यापर्यंत खाऊ घातलं, आणि आता या तळघरात आणून नेम धर म्हणतात. आधीच्या पाळीतले हिंदुस्थानी पाहुणे एकमेकांचे फोटो काढत आत्ताच बाहेर पडले होते. त्यांचं ठीक आहे, सहलीची हौस. पण आपण गावात नान भाजणारा माणूस. आपल्याला इथं कशाला आणलं?

"दाखवाच आज," मागून विहीणबाई म्हणाल्या. "तुम्ही मारलेल्या लांडग्यांना गणतीच नाही, असं नाझिम सांगते. आम्हीही बघू की."

ओराझालीनं लेकीकडं पाहिलं. ती मान खाली घालून डोक्याच्या रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विहीणबाईंनी तिला विचारलं होतं, "तुझे वडील नुसते नानच भाजतात का गं?" आणि पोरीच्या तोंडून लांडगे बाहेर पडले. एकदा बाहेर पडलेले लांडगे परत आत कसे घ्यायचे? आज नेम चुकला की ती सासरी खोटारडी ठरणार होती, आणि त्या घरात तिला अख्खा जन्म काढायचा होता.

"लांडगे?" ओराझाली म्हणाला. त्यानं जन्मात एकच लांडगा पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. तो कदाचित कुत्राही असेल.

"व्याहीबुवा स्वतःबद्दल कधी बोलायचे नाहीत," मिर्झाताय हसत म्हणाला आणि शेजारच्या कप्प्यात जाऊन उभा राहिला. मिर्झाताय म्हणजे मुलाचा बाप. तो दर शनिवारी इथं यायचा, त्यामुळं त्याचा हात पक्का होता. शिवाय तरुणपणी कोकपारमध्ये, म्हणजे भरधाव घोड्यावरून बोकड पळवायच्या खेळात, त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, असं जावईबापूंनी गावात येऊन सांगितलं होतं. अशा माणसाच्या शेजारी उभं राहायचं या विचारानंच ओराझालीला घाम फुटला.

शोल्पाननं बायकांना काचेपलीकडं पाठवलं. ओराझालीच्या कानांवर जाड टोप चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, मागं उभं राहून त्याचे खांदे सरळ केले. त्यानं पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं. धरलं कसं, तर तंदूरमधून नान काढताना धरतात तसं. हात लांब आणि तोंड एका बाजूला.

मिर्झातायनं ते पाहिलं. मग त्यानं काचेपलीकडं पाहिलं. नाझिमनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. मिर्झाताय पुन्हा समोर वळला.

शोल्पाननं खूण केली आणि दोघांनी एकदमच सुरुवात केली. पहिल्या आवाजालाच ओराझालीनं चष्म्याआड डोळे गच्च मिटले, ते शेवटची गोळी सुटेपर्यंत काही उघडले नाहीत.

तारेवरून कागद खडखडत जवळ आला. मधल्या काळ्या गोलात भोकांची नुसती दाटी. काचेपलीकडं विहीणबाईंनी आ वासला. नाझिम आधी कागदाकडं आणि मग बापाकडं बघतच राहिली. बाबांनी खरंच कधी लांडगे मारले होते की काय, असं क्षणभर तिलासुद्धा वाटलं.

सगळ्यांत जास्त चक्रावला तो ओराझाली. त्यानं पिस्तुलाकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. "पोरी, यात काहीतरी घोटाळा आहे," तो शोल्पानला म्हणाला. "मी तर डोळे..."

शोल्पान ऐकत नव्हती, भोकं मोजत होती. गोळ्या दिल्या होत्या प्रत्येकी पाच, भोकं होती सहा. एवढ्यात शेजारचा कागदही आला. कोरा करकरीत. तिच्या कपाळाला आठी पडली. ती मिर्झातायकडं वळली, तोंड उघडलं, पण त्यानं छातीवर हात ठेवून तिच्यापुढं मान झुकवली आणि डोळ्यांनीच काच दाखवली. काचेपलीकडं नाझिम रडत होती की हसत होती, काही सांगता येत नव्हतं.

शोल्पाननं कोरा कागद घडी करून खिशात घातला.

"आजोबा," मग ती ओराझालीला म्हणाली, "पुढच्या वेळी जरा बेतानं. कागद फाटतो." आणि मिर्झातायजवळून जाताना हळूच पुटपुटली, "तुम्ही महिनाभर इथं तोंड दाखवू नका."

बाहेर विहीणबाई कागद छातीशी धरून पुढं निघाल्या. त्याला चौकट करायची म्हणत होत्या. नाझिम त्यांच्या बाजूनं चालत होती, आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला होता. ओराझाली मागं रेंगाळला.

"व्याहीबुवा, खरं सांगतो. मी लांडगे..."

"माहीत आहे," मिर्झाताय म्हणाला.

"मग हे सगळं?"

मिर्झाताय गाडीपाशी थांबला. "उन्हाळ्यात आम्ही तुमच्या गावी येणार. आमच्या चिरंजीवांनी तिकडं कोकपारचं काहीतरी सांगून ठेवलंय म्हणे."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. लोक वाट बघताहेत. मी स्वतः तुमच्यासाठी एक तेज घोडा सांगून ठेवलाय."

मिर्झातायनं खिशातून रुमाल काढला आणि मान पुसली.

"तेज नको," तो म्हणाला. "गावातलं सगळ्यात म्हातारं घोडं बघा. आणि चढायचं कुठल्या बाजूनं, तेवढं आधी गुपचूप दाखवा."