नाल्यापलीकडची झाडं

नागपूरच्या आमच्या शहरी जंगलातले कडुलिंब शेंड्याकडून वाळू लागले होते, आणि त्याचं कारण शोधायचं काम माझ्याकडे होतं. दर सोमवारी चौकीत ठेवलेला चाकू घेऊन मी झाडांची साल नखभर खरवडायची. आत हिरवं दिसलं की नोंद करून पुढच्या झाडाकडे जायची. नाल्यापलीकडच्या चाळीस झाडांकडे मात्र सापांच्या भीतीने मी कधीच गेले नाही.

शुक्रवारी प्रयोगशाळेचा अहवाल आला. झाडं मारणारी बुरशी सालीवरच्या ताज्या जखमेतून आत शिरत होती. मी घाईघाईने नकाशा उघडला. ज्या क्रमाने मी झाडं तपासली होती, अगदी त्याच क्रमाने ती वाळत गेली होती. दोन वर्षं एकच चाकू, एकदाही न पुसता, मी झाडाझाडाला लावत फिरले होते.

निदान नाल्यापलीकडची चाळीस तरी वाचवायची, असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळीच मी चौकी गाठली.

“मधुकरराव, माझ्याकडून फार मोठी चूक झाली हो,” मी चौकीदाराला म्हणाले.

“मले माहीत आहे ना मॅडम,” ते हसले. “सापाले भेता तुम्ही! काहून इतकं मनाले लावून घेता? काल मीच गेलो ना तिकडं, तुमचा चाकू घेऊन.”

 

“चाळीसच्या चाळीस खरवडून पाहिली,” ते पुढे म्हणाले. “ एकालेही काही झालेलं नाही!”