दहापैकी दहा

“अहो, दूध उघडंच राहिलंय!” बंद दारामागून फिटरकाकू बोलल्या आणि बोटांवर नऊ मोजले. “दुपारी झोपू नका, रात्री मला छळता.” झाले दहा.

बाहेरच्या खोलीत काका पेनाला टोपण लावून बसलेसुद्धा होते.

सूतगिरणीतली यंत्रं दुरुस्त करता करता काकांचे कान गेले होते. आता घरात कानाची दोन मशिनं होती. एक सरकारी दवाखान्यातून मिळालेलं, अंगठ्याएवढं जाड. दुसरं लेकीनं दुकानातून आणलेलं, शेंगदाण्याएवढं. पटलं नाही तर दुकानवाले ते शनिवारपर्यंत परत घेणार होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र बजावलं होतं, “कान फार थकलेत, मशीननं फरक पडेलच असं नाही.” तेव्हापासून काकूंना घोर लागला होता. या घरात त्यांना बोलायला दुसरं होतं तरी कोण?

म्हणून ही परीक्षा काकूंनीच काढली. रोज सकाळी तोंडाला येतील ती दहा वाक्यं त्या बोलायच्या, काकांनी ऐकू येईल ते लिहायचं. गिरणीतली माणसं ओठांवरून बोलणं ओळखतात, म्हणून दार बंद. आठवडाभर सरकारी मशीन, आठवडाभर दुकानातलं.

काकूंनी आजचं पान तपासलं. दहापैकी दहा. सरकारीलाही रोज तेवढेच मिळाले होते.

“मग कोणतं ठेवायचं?”

काकांनी काकूंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. “दोन्हीत तू सारखीच कटकट करतेस. सरकारीच राहू दे.”

काकू लाजल्या. या वयातही त्यांना हा माणूस फार आवडायचा.

संध्याकाळी लेक मशीन न्यायला आली. दोनदा बेल वाजली, तरी काकांनी पेपरातून मान वर केली नाही.

“आई, खरंच ऐकू येतं का गं बाबांना?”

“अगं, पेपर हातात असला की तुझे बाबा असेच. थांब, वहीच दाखवते.”

काकू कौतुकानं एकेक पान उलटत गेल्या. आजचं, शुक्रवारचं पान झालं. पुढच्या पानावर शनिवारची तारीख होती आणि खाली, काकांच्या ठसठशीत अक्षरात, दहाच्या दहा वाक्यं लिहून तयार होती.