काळीतलं घर

"आणि आज आपण घर कशावर बांधतो आहोत?" पादरीसाहेबांनी विचारलं आणि हातातली काठी जमिनीवर आपटली. ठण्ण!

जानरावच्या पोरीला, प्रयागला, उत्तर पाठ होतं. शहाण्या माणसानं घर खडकावर बांधलं. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला, पण घर हललं नाही. मूर्खानं वाळूवर बांधलं, ते कोसळलं. दर रविवारी साहेब घोड्यावरून येत, लिंबाखाली बसून बायबलातली ही गोष्ट सांगत, आणि सगळ्यांच्या आधी हात वर जायचा तो प्रयागचाच. आताही एकच शब्द बोलायचा होता. खडकावर. तेवढा शब्द उच्चारला की साहेब शाळेचा पहिला दगड ठेवणार होते.

वैशाखाचं ऊन नुसतं नाचत होतं. त्या थरथरत्या उन्हात, जमिनीपासून वीतभर वर, प्रयागला शाळा दिसत होती. अगदी स्वच्छ! पांढऱ्या भिंती, लाल कौलं, चार खिडक्या, दारात टांगलेली पितळी घंटा. तिसऱ्या खिडकीपाशी ती स्वतः बसलेली, पाटी मांडीवर घेऊन. महिनाभर तिला हेच दिसत होतं. चुलीच्या धुरात, विहिरीच्या पाण्यात, कुठंही.

कारण तिचा बाप जानराव म्हणाला होता, "पावसाच्या आंदी शाळा झाली तं शिक. नाई तं माघात तुहं लगन." आणि जानराव शब्दाचा पक्का होता.

दौलतराव पाटलांचा मुलगा मानमोडीच्या तापाच्या साथीत साहेबांच्या औषधानं वाचला होता. म्हणून शाळेसाठी पाटलांनी आपलं सगळ्यात चांगलं वावर दिलं. काळंभोर, कमरेइतकी खोल माती. गावामागं मुरमाचं नापीक बरड ओसाड पडलं होतं, पण बरड कोणी दान देतं का? लाज नाही वाटणार?

आणि काळीत, असल्या काळ्या मातीत, कोणी घर बांधतं का? हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उन्हाळ्यात ती माती दगडासारखी वाजते, साहेबांना तो उन्हानं तडकलेला खडकच वाटला होता. पण पाटलांना कोण सांगणार? सातासमुद्रापलीकडून शिकून आलेल्या साहेबांना कोण सांगणार? प्रयागही महिनाभर गप्प होती. तिची तर शाळाच होती ती!

"बोल, मुली," साहेब हसले.

"बोल ना व पोरी," मागून शेजारची मनकर्णाबाई कुजबुजली. "आताच मुकी झाली का?"

प्रयागनं पुन्हा उन्हातल्या शाळेकडं पाहिलं. या वेळी तिथं पाऊस पडत होता. खालची जमीन श्वास घेतल्यासारखी फुगत होती. भिंतीला पोट आलं. आधी घंटा पडली, मग कौलं सरकली. तिसऱ्या खिडकीपाशी कोणी दुसरीच बसली होती, एवढीशी, दोन वेण्या घातलेली. वरच्या कौलांकडं तिचं लक्षच नव्हतं.

प्रयाग पुढं झाली. तिनं प्यायला आणून ठेवलेली पाण्याची घागर उचलली आणि साहेबांच्या बुटापुढं ओतली.

"येडी झाली का व!" मनकर्णाबाई ओरडली. जानराव ताडकन उभा राहिला.

पाणी भेगांमध्ये गडप झालं. माती काळी कुळकुळीत झाली, मग लोण्यासारखी मऊ.

"साहेब, आता काठी टेकवा."

काठी वीतभर आत गेली. बाहेर काढायला साहेबांना दोन्ही हात लावावे लागले.

"हे पान्यानं फुगते आन् उन्हानं फाटते," प्रयाग म्हणाली. तिचाच आवाज तिला केवढा मोठा वाटला! "घराची भित नाई टिकत हिच्यात. हा खडक नाई, साहेब. वाळूच समजा."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी गावाकडं पाहिलं. "हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक होतं?"

सगळी पागोटी खाली झुकली.

"मग कोणी बोललं का नाही?"

"आमाले वाटलं," मनकर्णाबाई म्हणाली, "देवाच्या पुस्तकात लिहून असंन तं काळीतबी टिकत असंन बाप्पा!"

साहेब हसले नाहीत. "पुस्तक मी वाचलं," ते हळूच म्हणाले, "जमीन वाचली नाही. गोष्टीतला मूर्ख मीच निघालो."

दौलतरावांनी घसा साफ केला. "बरड चालन का साहेब? मले द्याची लाज वाटे."

"चालेल. पण तिथं दगड फोडावा लागेल. पावसाआधी शाळा होणार नाही."

प्रयागनं उन्हात पाहिलं. शाळा विरून गेली होती. माघ मात्र दिसत होता, मुंडावळ्यांसकट.

सगळं गाव बरडावर चढलं. साहेबांनी काठी उगारली, पण आपटली नाही. ती प्रयागच्या हातात दिली.

"इथं खाली काय आहे, कसं ओळखायचं?"

"इथं पानी टाकलं तं थांबत नाई, वाहून जाते. वीतभर खाली मुरूम, त्याच्याखाली खडक."

साहेबांनी टोपी काढली आणि तिथंच, तापल्या मुरमावर, मांडी घालून बसले. "अजून सांग. पहिल्यापासून."

मग पोरंही त्यांच्यामागं बसली. मनकर्णाबाई बसली. थोडं थांबून दौलतराव पाटीलही बसले. प्रयाग काठीनं रेघा ओढत होती. ही पिकाची काळी, ही गावठाणाची पांढरी, हे बरड.

जानराव तेवढा दूर उभा होता. बराच वेळ तो ऐकत राहिला. मग खाकरला.

"साहेब, उद्या पोरीले किती वाजता पाठवू?"

साहेबांनी वळून पाहिलं. "पण जानराव, शाळा अजून कुठं झाली?"

"मले येडं समजता का, साहेब?" जानराव म्हणाला आणि सगळ्यांच्या मागं जाऊन बसला.

बरडावर भिंत नव्हती, कौल नव्हतं, घंटा नव्हती. शाळा भरली होती.