खिडकी नंबर दोन

“पुरुषांची छाती आम्ही तपासत नाही,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि आत्याचं कार्ड त्यांनी काचेखालून परत सरकवलं. “पुढचं कोण?”

आत्या लगेच वळली. भाचीनं तिचं कोपर धरलं.

“पुढचं कोणी नाही. अजून आमचंच चाललंय.”

दहावीतली पोर. पाठीवर दप्तर, आणि वक्तृत्वात पहिला नंबर येऊन जेमतेम आठवडा झालेला. जीभ नुसती वळवळत होती.

आत्याला तिनंच ओढत आणलं होतं. आत्या गाडी चालवायला शिकवायची. भर चौकात ट्रकवाल्याची खरडपट्टी काढून वर त्यालाच गाडी मागे घ्यायला लावणारी बाई. पण या तपासणीचं नाव काढलं की आज क्लास आहे, उद्या गाडी गॅरेजला आहे. आजी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. जन्माच्या कागदावर मुलगा असलेली आत्या बारा वर्षं हार्मोनच्या गोळ्या घेत होती. छाती भरली होती, वय बावन्न होतं, डॉक्टरांनी तपासणीची चिठ्ठी हातात दिली होती. तरी हिची टाळाटाळ. घाबरते, दुसरं काय, असं भाचीनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

“कार्डावर काय लिहिलंय ते वाच बाळ,” बाई म्हणाल्या. “कॉम्प्युटर पुरुष घेतच नाही.”

“माझ्या आईला बरा घेतो. दर दोन वर्षांनी पत्र पाठवून बोलावतो. आई सून आहे. आजीची लेक ही आहे. आजार काय सासूकडून सुनेला जातो?”

रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. बाईंचे कान लाल झाले.

“साहेब, मुलीला आवरा.”

भाचीचं डोकंच फिरलं. “साहेब नाही ती, माझी आत्या आहे. आणि समजा पुरुष असती, तरी? पुरुषांनाही होतो हा कॅन्सर. तुमच्या मागच्या भिंतीवर लिहिलंय. वाचा एकदा वळून.”

“चल गं. राहू दे,” आत्या पुटपुटली.

“काय म्हणून राहू दे?”

आवाज आतपर्यंत गेला. एक्स-रेच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी चिठ्ठी वाचली, आत्याकडे पाहिलं.

“नोंद हातानं करा आणि पाठवा आत,” त्या खिडकीला म्हणाल्या. “माझं यंत्र कार्ड बघत नाही.”

भाचीची छाती वीतभर फुगली. आत्या आत असेपर्यंत तिनं मनातल्या मनात हे भांडण तीनदा सगळ्या वर्गाला सांगून घेतलं, दर वेळी थोडं वाढवून.

अर्ध्या तासानं तिलाही आत बोलावलं. पडद्यावर करडं चित्र होतं. त्यात डावीकडे एक पांढरा ठिपका, कडा पिंजारलेल्या.

“सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण ही गाठ काल-परवाची वाटत नाही.” त्यांनी आत्याची जुनी नोंद उघडली आणि त्यांचा चेहरा कडक झाला. “हे काय? चार वर्षांत चार वेळा फोनवरून नाव नोंदवलंत आणि चारही वेळा गैरहजर? आई यानं गेलेली असताना?”

भाची ताडकन आत्याकडे वळली. “नाव नोंदवून आलीच नाहीस तू?”

आत्या शांतपणे बाहीचं बटण लावत होती.

“आले होते की. चारही वेळा,” ती म्हणाली. “‘परत पाठवलं’ असं बटण त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नाही. म्हणून मी समोर उभी असताना त्या ‘गैरहजर’ दाबतात.”