रानफळाचा पहिला नमुना

"बाबा, मी माझं संशोधन मागे घेतेय," मुलगी म्हणाली, तसा बाबांचा फळ कापणारा हात थांबला.

शेडमध्ये आठ-दहा बायका फळं सोलत बसल्या होत्या. सदाहरित जंगलातलं हे रानफळ चार वर्षांपूर्वी कोणी फुकटसुद्धा नेत नव्हतं. मुलीने ते शहरातल्या प्रयोगशाळेत तपासलं, त्यात अफाट अँटिऑक्सिडंट सापडले, आणि वर्षभरात गावात ट्रक यायला लागले. बायका तेव्हापासून तिला 'फळमॅडम' म्हणून चिडवायच्या. आज मात्र तिचा चेहरा बघून कोणी चिडवलं नाही.

बाबांनी तिला बाजूला नेलं. "झालं काय?"

"या वेळी मी स्वतः झाडावरून फळं तोडून नेली होती. त्यांत विशेष काही नाही. कुठल्याही फळात असतं तेवढंच."

तिने कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट दाखवलं. कापलेलं फळ काळं पडू नये म्हणून ही पांढरी पावडर पाण्यात कालवून फळ त्यात बुडवायचं, ही इथली दुसरी फळं कापायची तेव्हापासूनची रोजची रीत.

"हे क जीवनसत्त्व आहे, बाबा. हेच अँटिऑक्सिडंट. पहिला नमुना तुम्ही यात बुडवून पाठवलात. मी फळ मोजलंच नाही, तुमची पावडर मोजली. आणि मी एवढी शहाणी, की साधं विचारलंसुद्धा नाही."

बाबांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

"धंद्यासाठी केलंत?"

"चूक झाली," ते खाली बघत म्हणाले. "पण आता कशाला उकरून काढतेस? एवढ्या घरांच्या चुली यावर पेटतात."

"आईसाठी," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

आईच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं, पण आई काही केल्या ऐकत नव्हती. 'माझ्या लेकीचं फळ असताना मी कशाला कापून घेऊ?' असं ती येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला ऐकवायची आणि त्याच्यासमोर पेलाभर रस प्यायची. परवा डॉक्टर म्हणाले होते, याच महिन्यात आणलं तर काही करता येईल. नोकरी गेली, चारचौघांत छी-थू झाली तरी चालेल, पण आईचा त्या रसावरचा विश्वास मोडायचाच, असं ठरवून मुलगी आली होती.

मागच्या खोलीत आई उशीला टेकून बसली होती. नुसती हाडं उरली होती तिची. मुलीने तिचा हात धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"त्या रसात काही नाही, आई. कधीच नव्हतं. बाबांनी तो नमुना..."

"त्यांना कशाला बोल लावतेस? मी बुडवला होता तो," आई म्हणाली. "लेकीकडे काळवंडलेलं फळ कसं पाठवायचं?"

"बरं, असू दे. आता तरी पटलं ना? चल, गाडी बाहेर उभी आहे."

"मला तीन वर्षांपासून ठाऊक आहे गं. अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, ते तूच नाही का इथे बसून समजावलंस? तेव्हाच कळलं, मी काय करून बसले ते."

मुलगी तिच्याकडे बघतच राहिली. "मग ऑपरेशनला नकार का देत राहिलीस?"

"तुझीच आई दवाखान्यात गेली असती," आई म्हणाली, "तर तुझ्यावर कोणी विश्वास ठेवला असता?"