तिसरा खेळाडू

कोलशेतच्या ऑफिसात नीरजा आणि साकेत शेजारीशेजारी बसून व्हिडिओ गेम खेळत होते. तेच त्यांचं काम होतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांच्या कन्सोलवरचे लोक एकाच खेळात आणायचे, ही त्यांच्या कंपनीची सेवा, आणि ती नीट चालते का, ते दोघं तपासत होते.

भर दुपारी त्यांच्या दोघांपुरत्या बंद खेळात तिसरं कोणीतरी शिरलं. त्याला नाव नव्हतं. नुसता माइक चालू होता.

"काढ रे त्याला," नीरजा म्हणाली.

"काढला ना यार! जातच नाहीये."

तेवढ्यात तिच्या हेडफोनमध्ये कोणीतरी खोकलं. खोकला तिच्या बाबांचा होता. बाबा डोंबिवलीला घरी होते, आणि त्या घरात कन्सोल कधी आलाच नव्हता.

तिने हेडफोन एका कानावरून सरकवला आणि घरी फोन लावला. रिंग फोनच्या कानात वाजली, आणि हेडफोनच्या कानातही.

"बाबा, घरात कोण आलंय?"

"कोण येणार? एकटाच आहे मी."

"आत्ताच्या आत्ता शेजारी सरोजकाकूंकडे जा. प्लीज, बाबा!"

"अगं, झालं काय? बरं, थांब, चप्पल घालतो."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला. फोनमध्ये त्यांची पावलं दाराकडे निघाली.

हेडफोनमध्ये त्यांच्या पुढे आणखी कोणीतरी चालत होतं.

"बाबा, थांबा!" नीरजा ओरडली, पण ऐकायला फोनजवळ कोणी नव्हतं.

पुढची पावलं दाराशी जाऊन थांबली.